शांत रातकिडे

टिकलीच्या जेवणाची वेळ झाली की अण्णा मगदूम काठी टेकत उठत आणि मागच्या पडवीत जाऊन बसत. जाताना तोंडातून ब्र काढत नसत, पण काठीचा आवाज रोजच्यापेक्षा जरा मोठा येई. त्रिशलाला त्या आवाजाचा अर्थ बरोबर कळे. सासऱ्यांनी चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं, असं तिला वाटायचं.

टिकली म्हणजे पाल. भिंतीवरची नव्हे, वीतभर लांबीची, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली, जाड शेपटीची परदेशी पाल. नऊ वर्षांच्या चेलनाला दमा होता आणि कुत्रं-मांजर घरात आणायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोरीने दोन वर्षं डोकं खाल्लं, तेव्हा तिच्या बापाने, सन्मतीने, काचेच्या पेटीतून हे ध्यान पुण्याहून आणलं आणि दुसऱ्याच दिवशी तो आपल्या नोकरीवर परत गेला. पाल मात्र जयसिंगपुरातच राहिली.

आणि त्या पालीला जिवंतच लागायचं. मेलेला किडा पुढ्यात ठेवला तर ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे. जे हलतं तेच अन्न, एवढं एकच शास्त्र तिला ठाऊक. ज्या घरात कांदा-लसूण शिरत नाही, दिवे लागायच्या आत जेवणं होतात आणि प्यायचं पाणी गाळल्यावर अडकलेले जीव जगावेत म्हणून गाळणं पुन्हा मूळ पाण्यात हळूच विसळतात, त्या जैन घरात आठवड्यातून तीनदा जिवंत रातकिडे येऊ लागले. ते आणायची कोण, तर खुद्द त्रिशला.

शाळेतली विज्ञानाची नोकरी सुटल्यावर ती गावाबाहेरच्या ‘सुजीव’ नावाच्या कारखान्यात लागली होती. लांबलचक शेड, अंड्यांच्या पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचलेले आणि त्यांच्या खाचाखाचांत लाखो रातकिडे. त्यांचे डबे मुंबई-पुण्याला जात. शहरातल्या घरोघरी आता पाली, सरडे, बेडूक पाळायची फॅशन आली होती. त्रिशलाचं काम तपासणीचं: किडे धडधाकट आहेत का, माप बरोबर आहे का, एवढंच बघायचं. “मी पिकवते, मारत नाही,” असं ती अण्णांना सांगायची. अण्णा म्हणायचे, “बरं.” त्या एका ‘बरं’ने तिचा दिवस नासायचा.

खरं तर तिलाही ते बघवत नसे. चिमट्यात धरलेला रातकिडा पाय झाडायचा, पेटीत पडला की कोपऱ्याकडे पळायचा, काचेवर चढायचा, घसरायचा. टिकली मान तिरकी करून बघायची. मग एक झडप आणि कुरकुर असा बारीक आवाज. त्रिशला त्या वेळी नेमकी खिडकीबाहेर काहीतरी बघत असे.

तोवर निदान न बघण्याची सोय होती. त्या वर्षी ‘वेदनालेख’ आला आणि तीही गेली.

शोध साधाच होता. किड्याला आपल्यासारखा मोठा मेंदू नसतो. अंगभर मज्जातंतूंच्या बारीक गाठी असतात. किड्याला इजा झाली की या गाठींमधून विजेचे अतिसूक्ष्म ठोके धावतात. हे ठोके टिपणारी नखाएवढी पट्टी पुण्याच्या काही तरुण संशोधकांनी तयार केली. ती पेटीच्या तळाला चिकटवायची, किडा तिच्या आसपास आला की फोनच्या पडद्यावर रेघ उमटते. किडा निवांत असेल तर रेघ सरळ, इजा झाली की रेघ उसळते. संशोधक बिचारे कानीकपाळी ओरडून सांगत होते की ही रेघ म्हणजे वेदना असं आम्ही म्हणत नाही, इजेची खबर शरीरात पोचली एवढंच ती दाखवते. पण लोकांना एवढा बारकावा कुठला परवडायला! उसळलेली रेघ म्हणजे किंकाळी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

चेलनाच्या वर्गात एकाने ती पट्टी आणली. चार दिवसांत ती चेलनाकडेही आली. त्या संध्याकाळी तिने हौसेने पट्टी लावली, रातकिडा सोडला आणि फोन हातात धरला. टिकलीने झडप घातली. रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन आदळली आणि थरथरत राहिली. बराच वेळ राहिली. टिकली सावकाश चावत होती.

चेलनाने फोन खाली ठेवला. “आई, मी आता हिला खायला देणार नाही.”

“मग ती काय खाईल गं?”

“मला माहीत नाही. पण मी देणार नाही. तू पण द्यायचं नाहीस.”

दहा दिवस टिकली उपाशी राहिली. तिची जाड शेपटी सुकत चालली, कातडी लोंबू लागली. पोरगी पेटीपुढे बसून रडायची आणि रडून दम लागला की औषधाचा फवारा ओढायची. अण्णांनी एकदा पडवीतून विचारलं, “पालीचं काय झालं?” आणि उत्तर ऐकून ते पुन्हा माळ ओढू लागले. पाल मेली तरी पाप आणि जगवली तरी पाप. आता सांगणार तरी काय!

देशभर हेच चाललं होतं. ‘सुजीव’ची मागणी निम्म्यावर आली. मालक चौगुले सर हुशार माणूस. त्यांनी हात चोळत बसण्याऐवजी एक नवी जात बाजारात आणली आणि तिचं नाव ठेवलं ‘शांत’.

तपासणीच्या खोलीत त्यांनी त्रिशलाला समजावून सांगितलं. “इजा झाली की मज्जातंतूच्या टोकावरची बारीक दारं उघडतात. ती उघडली की खबर आत जाते. ही दारं बनवायची कृती ज्या जनुकात असते, तो जनुकच आपण बंद केलाय. दारच नाही, मग खबर जाणार कुठून? बघा तुम्ही.” त्यांनी चिमट्याने एका किड्याचा मागचा पाय ओढून काढला. पडद्यावरची रेघ सरळच राहिली. किडा उरलेल्या पाच पायांवर चालत गाजराच्या चकतीपर्यंत गेला आणि खाऊ लागला.

त्रिशलाने नजर खिडकीकडे वळवली. पण त्याच दिवशी तिने एक डबा घरी नेला.

चेलनाने रेघ बघितली, पुन्हा बघितली आणि टाळी वाजवली. टिकलीने त्या दिवशी सहा रातकिडे खाल्ले. ते पळालेच नाहीत. एक तर चालत चालत तिच्या तोंडापाशी गेला. अण्णा पहिल्यांदाच खोलीत थांबले होते. काठीवर हनुवटी टेकवून त्यांनी सगळं बघितलं.

“दुखत नाही म्हणतेस?”

“नाही अण्णा. अजिबात नाही.”

“आणि भीती?”

“तीही नसावी. दुखणंच नाही तर भ्यायचं कशाला?”

अण्णा हसले. “माझ्या पायाला लावा की ती पट्टी. माझीही रेघ सरळच येईल बघ.”

चेलनाने खरंच ती त्यांच्या तळव्याला चिकटवली. पट्टी किड्यांसाठी होती, तिच्यावर काय उमटणार! रेघ सरळ आली आणि आजोबा-नात खो खो हसले. अण्णांची साखर वीस वर्षांची. घोट्याखाली त्यांना काही म्हणजे काही कळत नसे. मागच्या थंडीत गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवून झोपले आणि सकाळी तळव्याला पेरूएवढा फोड. तेव्हापासून रोज त्यांचे पाय बघायचे, हा त्रिशलाचा नेम होता. टाचांच्या भेगांना ते स्वतः तूप चोळत. मलम त्यांना आवडत नसे.

महिनाभर घर सुखात होतं. अण्णा सुनेशी मोकळेपणाने बोलू लागले, आणि तेवढ्यासाठी त्रिशलाने आणखी काय काय केलं असतं कोण जाणे.

मग एका सकाळी चेलनाने हाक मारली. टिकली पेटीच्या कोपऱ्यात पडली होती. तिच्या पुढच्या पायाची दोन बोटं नव्हती आणि शेपटीला वाटाण्याएवढा खड्डा पडला होता. आदल्या दिवशी ती तीनच किडे खाऊन झोपली होती. उरलेले चार चेलनाने पेटीतच ठेवले होते. दुखत नाही, भीत नाहीत, मग राहू देत बिचारे, असं तिला वाटलं. त्यांतला एक अजून शेपटीवरच होता. टिकलीने अंग झटकलं तरी तो हलला नाही. त्रिशलाने चिमट्याने त्याला ओढला, तर त्याचं डोकं शेपटीलाच राहिलं आणि जबडा चालत होता.

रातकिडा काहीही खातो: पाला, पीठ, कागद, आपला जातभाईसुद्धा. एरवी तो जिवंत जनावराच्या वाटेला फारसा जात नाही, कारण जनावर हललं की त्याला पळावंसं वाटतं. या रातकिड्यांना पळावंसं वाटतच नव्हतं.

ती चौगुले सरांकडे गेली. त्यांनी डब्याची मागची बाजू दाखवली. ‘उरलेले किडे पेटीत ठेवू नयेत. उकळत्या पाण्यात टाकून नष्ट करावेत.’

“लिहिलंय की आपण.”

“सर, शेडमध्येही ते एकमेकांना खातायत. मी बघितलंय.”

“पूर्वीही खायचे. गाजर वाढवा.”

तिने गाजर वाढवलं. टिकलीची जखम हळदीने भरत आली. आणि भाद्रपद लागला.

दशलक्षण पर्वाचे दहा दिवस अण्णांच्या घरी फार पाळले जात. एकवेळचं जेवण, दोन्ही वेळा सामायिक, म्हणजे दोन घटका पापणी न हलवता ध्यानात बसायचं, आणि अभयदान. अण्णांच्या लहानपणी त्यांचे वडील या दिवसांत बाजारातून तितर विकत घेऊन रानात सोडायचे. अण्णा ते अजून सांगत.

पर्वाच्या दुसऱ्या दिवशी त्रिशलाच्या हाती चिठ्ठी आली. शांत जातीच्या चार क्रेटमधले किडे मापापेक्षा मोठे झालेत, आज नष्ट करा. चार क्रेट म्हणजे चार हजार किडे आणि पाण्याची टाकी तापत ठेवलेली. ती टाकीपाशी उभी राहिली. पाच वर्षांत हे काम तिने नेहमी दुसऱ्याच्या गळ्यात मारलं होतं. आज दुसरं कुणी नव्हतं. तिने अण्णांना फोन केला. का केला, ते तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

“पर्वात?” अण्णा म्हणाले. “पोरी, मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय काय? पर्वात तरी नको. घेऊन ये त्यांना घरी.”

पेटी काचेची होती, पाल कोंडलेली होती, म्हणून तसं झालं. बाहेर गवत आहे, माती आहे, पाखरं आहेत. रिक्षात मांडीवर क्रेट घेऊन बसल्यावर तिने स्वतःला एवढं समजावलं आणि ते तिला पटलंही. पटायला हवंच होतं.

संध्याकाळचं सामायिक उरकल्यावर दोघांनी मिळून मागच्या अंगणात क्रेट उलटे केले. अण्णांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “आज बाप आठवला बघ,” ते म्हणाले. त्रिशलाला इतकं भरून आलं, इतकं तर लग्नात सासरी येतानाही आलं नव्हतं.

सोडल्यापासून तिसऱ्या दिवशी किरकिर सुरू झाली. किरकिरीचं काय, ती पावसाळ्यात असतेच. पण दिवेलागणीला वाळत घातलेले कपडे काढायला त्रिशला अंगणात गेली आणि मधेच थबकली. रातकिड्यांचं एक असतं: पाऊल वाजलं की ते गप्प होतात. लहानपणी आपण सगळेच हा खेळ खेळलो आहोत. पाऊल टाकायचं, सगळं चिडीचूप. थांबायचं, पुन्हा किरकिर. तिने पाऊल आपटलं. किरकिर चालूच. टाळ्या वाजवल्या, बादली आपटली. पायाशी, हाताच्या अंतरावर एक काळाभोर रातकिडा पंख घासत होता आणि तिच्याकडे तोंड करून बसला होता.

दुसऱ्या दिवशी जास्वंदीच्या झाडावरचं शिंजिराचं घरटं तिने बघितलं. कालपर्यंत त्यात दोन पिल्लं होती. आता खाली बारीक हाडं होती आणि शिंजीर तारेवर बसून ओरडत होता. तिने हाडं कागदात गुंडाळून टाकली आणि अण्णांना सांगितलं नाही. पर्वाचे पाच दिवस राहिले होते. ते होऊ देत, मग बघू, असं तिने ठरवलं.

अनंत चतुर्दशी हा शेवटचा दिवस. साखरेमुळे अण्णांना निर्जळी उपवास झेपत नसे. त्याऐवजी ते दुपारी सलग तीन सामायिक करत. त्रिशला कामावर गेली, चेलना शाळेत. चार वाजता त्रिशला घरी आली. पडवीत अण्णा पाटावर मांडी घालून बसले होते, ताठ, डोळे मिटलेले, मांडीवर पांढरी शाल. पाटाच्या बाजूची शाल मात्र लाल दिसत होती, आणि ती हलत होती.

तिने शाल ओढली.

ते वर्णन करायला नको. टाचेच्या भेगेपाशी, तुपाच्या वासाला आलेले ते रातकिडे पन्नास असतील, शंभर असतील. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारची बोटं होती तिथे आता काळा, हलणारा गोळा होता. त्रिशला किंचाळली, हातांनीच ओरबाडू लागली. किडे हातात चिरडत होते आणि एकही पळत नव्हता.

अण्णांनी डोळे उघडले. चेहरा शांत होता.

“झालं होतं की गं माझं. थोडंच राहिलं होतं.”

“अण्णा, तुम्हाला कळलं नाही?”

“दिसलं. दुसरं सामायिक सुटलं तेव्हा डोळे उघडले, तर एक आलेला. मग दोन.” ते तिच्या रक्ताळलेल्या हातांकडे बघत होते. “म्हटलं, आपणच सोडलेत. घेऊ देत कणभर. पुन्हा डोळे मिटले. दुखत नव्हतं की.”

मिरजेच्या डॉक्टरांनी घोट्यापासून पाय काढावा लागेल असं सांगितलं. विष वर चढलं तर त्यापुढचं आपल्या हातात नाही, असंही सांगितलं. खाटेवर अण्णांनी सुनेचा हात धरला. “त्यांचा काय दोष? तू त्यांना मारणार नाहीस. सांग मला.” त्रिशलाने त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. 

दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून तिने चौगुले सरांना फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. 

“बाहेर सोडले? चारही क्रेट?”

“हो.”

“अहो बाई, त्यातल्या माद्या अंड्यांवर आल्या होत्या. माप मोठं म्हणजे दुसरं काय असतं? म्हणून तर नष्ट करायला सांगितलं.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “किती दिवस झाले?”

आठ झाले होते. रातकिड्याची मादी ओल्या मातीत एका वेळी शंभरएक अंडी घालते आणि उबदार हवेत ती पंधरवड्यात फुटतात. हे ती कधीकाळी शाळेत शिकवत असे.

रात्रीच्या सोबतीला सन्मती थांबला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्रिशला घरी आली, चेलनाला आत बसवलं, दाराखालच्या फटीत ओली फडकी कोंबली आणि मोठं पातेलं गॅसवर चढवलं. जन्मात पहिल्यांदा या घरात न गाळलेलं पाणी तापत होतं. आधण आलं तसं ती पातेलं घेऊन अंगणात गेली.

पहिल्या पातेल्याला तिचे हात इतके कापत होते की अर्धं पाणी पायरीवरच सांडलं. तिने डोळे मिटून ओतलं. किरकिर करणारे किडे किरकिर करता करताच मेले. शेजारचे हलले नाहीत, मेलेल्यांना खाऊ लागले. दुसऱ्या पातेल्याला तिने डोळे उघडे ठेवले. तोंडाने णमोकार चालू होता, तो केव्हा थांबला ते तिला कळलं नाही.

खिडकीच्या काचेला नाक लावून चेलना फोन बघत होती. अण्णांच्या तळव्याचा तो खेळ झाल्यापासून ती पट्टी तिने पडवीच्या पायरीलाच चिकटवून ठेवली होती.

“आई,” ती आतून ओरडली, “रेघ सरळच आहे. त्यांना काहीच होत नाहीये.”

“माहीत आहे मला,” त्रिशला म्हणाली.

पाचव्या पातेल्याला तिचे हात कापले नाहीत. ते तिच्या लक्षात आलं आणि ती रिकामं पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. टिकली किडा चावायची तेव्हा खिडकीबाहेर बघणारी, तो कुरकुर आवाज ऐकून जीव गोळा होणारी बाई आपल्या आत कुठे सापडते का, हे ती चाचपून बघत होती. सापडत नव्हती. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला खरीखुरी भीती वाटली, आणि भीती वाटली याचं बरंही वाटलं.

अंगण आता गप्प होतं. तिने सवयीने पाऊल आपटलं आणि कान दिला. भिंतीपलीकडे, बागवानांच्या परड्यात, किरकिर चालू होती. त्याच्याही पलीकडच्या घरामागे होती. बागवानांच्या सुनेचं बाळ महिन्याचं होतं आणि त्यांच्या पडवीत संध्याकाळचा पाळणा टांगलेला असे. त्रिशलाने पातेलं खाली टाकलं आणि हाका मारत ती भिंतीकडे धावली.